मामाजींचे गुडघे

माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामाजी, हा मी पाहिलेला सगळ्यात आज्ञाधारक माणूस आहे. त्यांच्या या एका गुणानं मला जेवढं छळलं, तेवढं वर्गातल्या चाळीस पोरांनी मिळूनही छळलेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे छळाचा माझा अनुभव दांडगा आहे.

मामाजी मानोऱ्याला एका सरकारी कचेरीत चपराशी होते. सगळी नोकरी तिथंच झाली. साहेबाच्या दाराबाहेर एक स्टूल आणि डोक्यावर घंटी. घंटी वाजली की उठायचं, साहेब बाहेर आले की उठायचं, साहेबांच्या घरून कुणी डबा घेऊन आलं तरी उठायचं. रिटायर होऊन ते वाशिमला आमच्यात राहायला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण अजूनही कुणाचा मोबाइल वाजला तर ते अर्धे उठतात. मला ते पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणतात. मी कितीदा सांगितलं की मामाजी, मी घरची सून आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "शाळेत मॅडम हाय, अन् घरी आल्यावर काय चपराशी होते का?"

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात आम्ही तिघंच, मामाजी, मी आणि माझा नवरा. नवरा वीज कंपनीत आहे. जन्मानं ख्रिस्ती, पण वादात पडायचं नाही हाच त्याचा खरा धर्म. त्यामुळे घरात काही ठरवायचं असलं की ते मामाजी आणि मी दोघांनी भांडून ठरवायचं, आणि त्यानं भाजी चिरत ऐकायचं, अशी वाटणी आपोआप झाली.

हे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी अनसिंगची, बौद्ध घरातली. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गर्दीच्या गाडीत आयुष्यभर लोकांना 'पुढे सरका' म्हणून म्हणून त्यांचा आवाज एवढा वाढला की घरात ते साधं 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारी दार उघडून पाहायचे. त्यांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी दुसऱ्याच्या दारात गुडघ्यावर बसून धान्य मागायचे. उभं राहून मागायची सोय नव्हती. पुढे त्यांनी धम्म स्वीकारला आणि त्या दिवसापासून कुणापुढं गुडघा टेकला नाही. बाबा म्हणायचे, "आदर करायचा तं हात जोडून करा. गुडघे आपल्या आज्यानं लय टेकले, तुमच्या वाटचे बी टेकून ठेवले." हे ऐकत मी वाढले. त्यामुळे माझ्या मानेत जो ताठा आहे तो माझा एकटीचा नाही, घराण्याचा आहे.

आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. मी बाप्तिस्मा घेतला नाही आणि घरात मला कुणी घे म्हणालंही नाही. घराबाहेर मात्र पुष्कळ जण म्हणायचे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या लोकांतल्या, दोन-तीन मावश्या दर नाताळाला मामाजींना गाठायच्या. "सून कवा येनार मंडळीत?" मामाजी हात जोडून सांगायचे, "त्या मॅडम हायेत. मॅडमले सांगनारा मी कोन?" मला वाटायचं, बिचारे घाबरतात मला. आणि खरं सांगायचं तर ते घाबरतात या कल्पनेनं मला थोडं बरंही वाटायचं.

दर रविवारी मामाजींना स्कूटीवरून देवळात नेणं मात्र माझ्याकडं होतं. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. दगडी भिंती, वर टिनाचं छप्पर, आत सतरंज्या. चपला बाहेर काढायच्या, बायांनी डाव्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसायचं, पुरुषांनी उजव्या. मला तिथलं गाणं आवडतं. ढोलकी आणि पेटीवर सगळे मिळून इतकं मोकळं गातात की मीही गुणगुणते. प्रार्थनेला सगळे गुडघ्यावर येतात, तेव्हा मी शेवटच्या सतरंजीवर मांडी घालून हात जोडून बसते. सुरुवातीला लोक वळून पाहायचे, आता पाहत नाहीत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पुढं मेज आणि मेजासमोर लाकडी कठडा. लोक एकेक रांग करून कठड्यापाशी जातात, गुडघे टेकतात, आणि देवळातले धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा बोटभर तुकडा ठेवतात. मग अंगठ्याएवढ्या पेल्यातून मनुका उकळून केलेला रस. बघायला गेलं तर एवढंच. पण मामाजींचा सगळा महिना त्या एका घासाभोवती फिरायचा. शनिवारी ते नखं कापायचे, कारण ज्या हातावर ती भाकर पडणार तो हात स्वच्छ पाहिजे. पांढरा सदरा स्वतः इस्तरी करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. रविवारी सकाळी चहासुद्धा नाही. एरवी चहा पाच मिनिटं उशिरा मिळाला तर या माणसाचं डोकं दुखायचं.

आणि मग ते गुडघे टेकायचे. ते पाहण्यासारखं असायचं. आधी दोन्ही हात कठड्यावर, मग एक गुडघा, मग दुसरा, मग पाठ सरळ, मग उजव्या तळव्याखाली डावा तळवा. घास घेतल्यावर बाकीचे उठून जायचे तरी हे तिथंच. मागची रांग खोळंबायची. मी मागून मनात म्हणायची, उठा आता मामाजी, देवाला इतरही लोक भेटायचे आहेत. पण त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे समाधान असायचं ते मी घरात कधी पाहिलं नाही. पोटभर जेवून उठल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा, बोटभर तुकड्यानं.

मग त्यांचे गुडघे गेले. दोन्ही झिजलेले, उजवा जास्त. अकोल्याला नेऊन उजवा बदलून आणला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघा टेकायचा तर आयुष्यात नाही. मामाजींनी उभं राहून ऐकलं आणि "हाव साहेब" म्हणाले. मला पुढचं सगळं तिथंच कळायला हवं होतं.

डॉक्टरचा शब्द त्यांनी जसा पाळला तसा कुणी डॉक्टरसुद्धा पाळत नसेल. आठची गोळी म्हणजे आठची. ते आठला पाच कमी असताना गोळी तळहातावर घेऊन घड्याळासमोर उभे राहायचे. सकाळी अर्धा तास चाला असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मला त्यांचा फोन आला, "मॅडम, गाडी घेऊन या." माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पडले की काय, म्हणून तशीच ओल्या हातानं धावले. तर हे पुसद नाक्याच्या बाजूला एका दुकानाच्या ओट्यावर शांत बसलेले.

"काय झालं?"

"काई नाई. अर्धा घंटा झाला."

"मंग घरी याचं ना चालत."

"तं तो एक घंटा व्हईन. डॉक्टरनं अर्धाच सांगतला."

शेवटी पंधरा मिनिटं जायचं आणि पंधरा मिनिटं यायचं, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद खिशात ठेवला. नवरा भाजी चिरता चिरता हसला, तेवढाच त्याचा सहभाग.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्यांना देवळात घेऊन गेले. म्हाताऱ्यांसाठी भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. मामाजी आजवर कधी त्यावर बसले नव्हते. पाळकसाहेबांनी हात धरून "बसा" म्हटलं, म्हणून बसले, तेही टोकाशी. नखं कापलेली होती, सदरा इस्तरीचा होता, चहा घेतलेला नव्हता. रांगा कठड्यापाशी जायला लागल्या. एक गेली, दुसरी गेली. मामाजी मान खाली घालून बसूनच राहिले. शेवटची रांग परतली, पाळकसाहेबांनी मेजावर पांढरं कापड झाकलं, आणि यांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर मी विचारलं, काहून नाही गेले. तर म्हणाले, "गुडघा टेकाचा नाई अशी आज्ञा हाय. अन् गुडघा न टेकता त्या मेजापाशी मी कसा जाऊ?"

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. चहा न घेता जायचे आणि उपाशीच परत यायचे. ते वाळायला लागले असं म्हणणं जास्तीचं होईल, वजन होतं तेवढंच होतं. पण शनिवारी सदऱ्याला इस्तरी करताना ते काही तरी पुटपुटत असायचे, ते पुटपुटणं थांबलं. अकोल्याला तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलंही, महिन्यातून एकच खेप, दोनच मिनिटं चालेल का? डॉक्टरांना वाटलं हे शेतात निंदायचं वगैरे विचारताहेत. "काका, एकदासुद्धा नाही," ते म्हणाले. विषय संपला.

मी पाळकसाहेबांकडं गेले. ते तरुण आहेत, माझ्याहून लहानच. मी सांगितलं, तुम्ही यांना उभं राहून घ्या म्हणा. ते म्हणाले, "मी म्हणालो ना त्यांना, उभ्यानं घेतलं तरी चालेल." मी घरी येऊन मामाजींना जाब विचारला. ते म्हणाले, "चालेल म्हनाले. घ्या म्हनाले नाई." सगळं आयुष्य कचेरीत गेलेल्या माणसाला परवानगी आणि हुकूम यांतला फरक चांगला कळतो. मी पुन्हा पाळकसाहेबांकडं, की मग हुकूमच द्या. यावर ते म्हणाले, "ताई, हे आमंत्रण असतं. जेवायला कुणी हुकमानं बोलावतं का?" त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

मग आम्ही दोघांनी मिळून एक तोड काढली. मामाजींनी मेजापाशी जायचं नाही तर नाही, पाळकसाहेब भाकर आणि पेला घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी येतील. मोठ्या शहरांतल्या देवळांत म्हाताऱ्यांसाठी असं करतात म्हणे. मला माझीच अक्कल फार थोर वाटली. मामाजींना आधी सांगायचं नाही असंही मीच ठरवलं, कारण सांगितलं तर ते नाही म्हणतील. उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा असतो हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी त्या आठवड्यात मला पाहायला हवं होतं.

रविवार आला. रांगा संपल्या. पाळकसाहेबांनी एका ट्रेमध्ये भाकरीची बशी आणि दोन पेले ठेवले आणि ते मेजाकडून खाली उतरून मामाजींच्या खुर्चीकडं निघाले. सगळं देऊळ पाहत होतं. मामाजींनी मान वर केली. त्यांना काय दिसलं ते मला नंतर कळलं. त्यांना दिसलं की साहेब ट्रे घेऊन चालले आहेत आणि आपण खुर्चीवर बसलो आहोत.

ते ताडकन उठले. काठी पडली. दोन्ही हात पुढं करून त्यांनी पाळकसाहेबांच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि म्हणाले, "द्या साहेब, मी नेतो."

हे विचार करून केलेलं नव्हतंच, ते हातांनीच परस्पर केलं. आणि मग ते ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. नेतो म्हणाले, पण न्यायचा कुणाकडं? त्यांनी एकदा पुरुषांकडं पाहिलं, एकदा बायांकडं, एकदा मेजाकडं. पेले एकमेकांवर वाजायला लागले. गाणाऱ्या पोरींपैकी एक फिसकन हसली. मी पदर सावरत धावले आणि त्यांना दंडाला धरलं, पाळकसाहेबांनी ट्रे परत घेतला. तोवर रसाचे चार थेंब पांढऱ्या सदऱ्यावर उडाले होते. "माफ करा साहेब," मामाजी म्हणाले आणि भिंत धरत धरत बाहेर जाऊन चपलांपाशी उभे राहिले.

घरी आल्या आल्या ते मोरीत गेले. त्यांनी सदरा स्वतः धुतला. माझं नाव कुणी सांगायची गरजच नव्हती; असले उद्योग घरात कोण करतं हे त्यांना माहीत होतं. आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. म्हणजे 'हाव मॅडम', 'नाई मॅडम' चालू होतं, पण चपराशी साहेबाशी बोलतो तेवढंच. तो अबोला मला फार लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तोही दोघांच्या देवांशी संबंध नसलेला, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "बोल एकदा त्यायच्याशी." त्याच्या तोंडून एवढा मोठा सल्ला ऐकून मला धक्काच बसला.

नवव्या दिवशी मी शाळेतून आले ती तापूनच आले होते. मामाजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तूर निवडत होते. मी डबा ओट्यावर आदळला.

"तुमचा देव गुडघे पाहून जेवायले वाढते का?"

ते निवडतच राहिले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण थोड्या वेळानं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"देव काय पाह्यते ते मले मालूम नाई, मॅडम. मी काय करतो ते मले मालूम हाय. मी जलमभर उभा राह्यलो. साहेबासमोर उभा, साहेबाच्या पोरायसमोर उभा. ती नोकरी व्हती, पगार भेटे त्याचा. गुडघे मी फक्त एकाच जागी टेकले. तठी पगार नोहता, कोनी सांगतलं बी नोहतं. ते माह्यं व्हतं." मग म्हणाले, "आता तठी बी उभाच राह्यलो तं कचेरीत अन् देवळात फरक काय राह्यला?"

माझ्या आज्यानं गुडघे टेकले ते कुणी तरी टेकवले म्हणून. धम्म घेतल्यावर त्यानं ते बंद केलं, ते योग्यच केलं. पण या माणसानं ते स्वतःच्या मर्जीनं टेकले होते, आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात मर्जीनं केलेलं तेवढंच होतं. ते आता डॉक्टरनं काढून घेतलं, आणि वर मी ट्रे पाठवून त्याला देवळातही चपराशी केलं. मी त्यांच्यासमोर बसून उरलेली तूर निवडली. त्या संध्याकाळी मला फार रडू आलं, आणि मी ते कांद्यावर ढकललं.

पुढचा पहिला रविवार येईपर्यंत माझं ठरलं होतं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मामाजी खुर्चीवर बसले होते. रांगा कठड्यापाशी जायला लागल्या. शेवटची रांग उठली तेव्हा मी बायांच्या बाजूनं उठले, सरळ पुरुषांच्या बाजूला गेले आणि त्यांचा हात धरला. "चाला," मी म्हटलं. त्यांना वाटलं घरी जायचं, काही तरी निरोप आला असेल. उठ म्हटलं की उठणारा माणूस, ते उठले. मी त्यांना दाराकडं नेण्याऐवजी मेजाकडं वळवलं. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं, पण सगळ्यांदेखत हात सोडवून घेणं त्यांना जमलं नाही.

कठड्यापाशी आमच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघ्यावर होते. आम्ही दोघंच उभे. मामाजी दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरनं नाई म्हटलं हाय."

"तुमी उभेच राहा," मी म्हटलं. "गुडघे मी टेकतो. तुमच्या वाटचे."

बाबांचा आवाज कानात होता, आणि बाबांचा आवाज कानात असला की दुसरं काही ऐकू येत नाही. मी कठड्यावर हात ठेवला आणि वाकायला लागले. गुडघा सतरंजीला लागायला वीतभर उरली असेल, तेवढ्यात माझा कोपर कुणी तरी असा धरला की मला वाटलं हाड मोडतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

"उठ," मामाजी म्हणाले. मॅडम नाही, तुम्ही नाही. "उठ पोरी."

"माह्या मर्जीनं टेकून राह्यली मी."

"तुया मर्जीनं नाई. माह्यासाठी. मंग ते म्याच वाकवलं तुले." त्यांचा श्वास लागला होता. "तुया बापाले म्या शब्द देला हाय. लग्नाच्या वक्ती. या घरात माह्या लेकीले कोनी वाकवू नका म्हने. म्या म्हटलं, नाई वाकवनार, मी असेपर्यंत तं नाई."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही, यांनीही नाही. दर नाताळाला त्या मावश्यांना हात जोडून 'मॅडमले सांगनारा मी कोन' म्हणणारा हा माणूस मला घाबरत नव्हता. तो शब्द पाळत होता.

पाळकसाहेब बशी घेऊन आमच्यासमोर येऊन थांबले होते. शेजारचे लोक गुडघ्यावरून वर बघायला लागले होते. पण मी माझ्या बापाची लेक आहे. मी तशीच अर्धी वाकलेली राहिले आणि म्हटलं, "मंग तुमी उभ्यानं घ्या. तुमी नाई घेतलं तं मी टेकतो."

प्रभूच्या मेजापुढं अशी घासाघीस आमच्या देवळात आधी झाली नसेल आणि पुढं होऊ नये. मामाजींनी मेजाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. पाळकसाहेब एक शब्दही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. मामाजींनी माझा कोपर वर ओढला, मला सरळ उभं केलं, मी सरळ उभी आहे याची खात्री करून घेतली, आणि मग काठी कठड्याला टेकवून उजव्या तळव्याखाली डावा तळवा धरला.

पाळकसाहेबांनी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. मामाजींनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. पेला घेताना या वेळी एक थेंबही सांडला नाही. मी नुसती हात जोडून शेजारी उभी होते. पाळकसाहेबांनी मला मानेनं नमस्कार केला आणि ते पुढं गेले. आम्ही तिथून हललोच नाही. मागं रांग नव्हती, पण असती तरी मी या वेळी मनातसुद्धा 'उठा आता' म्हणाले नसते.

परत स्कूटीवर निघालो. रेल्वे फाटक बंद होतं, तिथं थांबलो तेव्हा मी विचारलं, "मामाजी, कचेरीवानी वाटलं का?"

त्यांनी विचार केला. "नाई," ते म्हणाले. "कचेरीत संग कोनी उभं नोहतं राह्यत."

दुपारी जेवणं झाल्यावर मी अनसिंगला बाबांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दोन्हीकडून ओरडावं लागतं. मी मागच्या अंगणात गेले, दार लावून घेतलं आणि विचारलं, लग्नाच्या वेळी तुम्ही मामाजींकडून शब्द घेतला होता का, मला वाकवायचं नाही म्हणून?

"कोनता शब्द?" बाबा म्हणाले.

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, आईला हाक मारून विचारलं, तिलाही माहीत नव्हतं.

"म्हटलं असंन बापा मी," ते शेवटी म्हणाले. "लग्नात माणूस काय काय बोलते. मले तं काई याद नाई."

मी फोन ठेवून आत आले. मामाजी दिवाणावर पाय सरळ करून बसले होते, डॉक्टरनं सांगितलं होतं तसे, गुडघ्याखाली उशी घेऊन. त्यांनी बाबांचा आवाज ओळखला असणार. तो भिंतीतूनही येतो.

"काय म्हनत होते?"

"तुमचंच बोलत होते," मी म्हटलं. "म्हने, मामाजीनं शब्द पाळला."

मामाजींनी उशी थोडी सरकवली.

"मंग?" ते म्हणाले. "त्यायनं एवढ्या भरोशानं मांगतला व्हता. पाळा तं लागतेच ना."